चार दिवस न गेलेला फोटो

आमच्या दवाखान्यात एक्स-रेला एक्स-रे कोणी म्हणत नसे. छातीचा फोटो, हाताचा फोटो, पोराच्या मानेचा फोटो. अहेरीला एका संस्थेच्या लहानशा दवाखान्यात हे फोटो काढायचं काम मी बावीस वर्षं केलं. त्यातली पहिली बारा वर्षं डार्करूमच्या लाल दिव्याखाली गेली. बोटांना औषधाचा वास इतका मुरला होता की घरी बायको मला भाजीला हात लावू देत नसे.

फोटो काढणं सोपं, वाचणं अवघड. मोडलेलं हाड किंवा साधा न्यूमोनिया आमचे डॉक्टर स्वतःच ओळखायचे. जिथे शंका असे, ती फिल्म चंद्रपूरला जायची. तिथे एक मोठे डॉक्टर होते, फक्त फोटो वाचणारे. ते आमच्या फिल्म फुकट बघून द्यायचे. मी फिल्म मोठ्या खाकी पाकिटात घालून सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो, आणि उत्तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसंच कंडक्टरच्या हातून यायचं. पावसाळ्यात नाले चढले की आठ-आठ दिवस काही कळायचं नाही.

दोन हजार चारच्या सुमारास संस्थेला कोणीतरी एक कॉम्प्युटर आणि फिल्म वाचणारा स्कॅनर दिला. चंद्रपूरहून एक मॅडम आल्या, दोन दिवस राहिल्या आणि सगळं जोडून, शिकवून गेल्या. वय जेमतेम पंचवीस असेल, मी चाळिशीचा. पण शिकवताना त्यांनी एकदाही मला माझं वय जाणवू दिलं नाही. फिल्म स्कॅन करून एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायची, एवढंच माझं काम. पुढचं सॉफ्टवेअर आपणहून करणार. रोज दुपारी एक वाजता ते फोल्डर बघणार, नव्या फायली उचलणार, टेलिफोनच्या लाइनवरून चंद्रपूरला पोचवणार. डॉक्टरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परत येणार.

पडद्यावर त्या कामांची यादी दिसायची आणि प्रत्येक कामापुढे त्याची अवस्था एका शब्दात लिहिलेली असायची. मॅडमनी ते शब्द मला एकेक करून सांगितले आणि मी ते माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले. शेड्यूल्ड म्हणजे वेळ ठरली आहे, अजून निघालेलं नाही. रनिंग म्हणजे पाठवणं चालू आहे. वेटिंग म्हणजे लाइन मिळाली नाही, थोड्या वेळानं पुन्हा बघेल. फेल्ड म्हणजे जमलं नाही. आणि कम्प्लिटेड म्हणजे, त्या म्हणाल्या, काम पूर्ण झालं.

मी वहीत कम्प्लिटेडपुढे लिहिलं, ‘गेलं’.

वर्षभर माझं त्यावर छान भागलं. एक वाजला की टेलिफोनला जोडलेला मोडेम शिट्टी मारायचा, खरखरायचा, मग निळी पट्टी हळूहळू सरकायला लागायची. एका फिल्मला पंधरा-वीस मिनिटं लागायची. शेवटी हिरव्या अक्षरात कम्प्लिटेड यायचं आणि मी जेवायला जायचो. पुढच्या रकान्यांत आणखी काही आकडे आणि तारखा असायच्या. त्याकडे मी कधी बघितलं नाही. बघायची गरजच पडली नाही.

मार्च महिना, मोहफुलं पडायचे दिवस होते. एका सोमवारी सकाळी नदीकाठच्या एका गावची बाई नवऱ्यासोबत आली. दोघं धीवर. तो गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि नदीत जाळं टाकायचा, ती मासोळ्या टोपलीत घालून बाजाराला न्यायची. अंगानं काटक, पण चार पावलं चालली की थांबून श्वास घ्यायची. दोन महिने खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, आणि उजव्या बाजूला काहीतरी बसल्यासारखं दुखणं. मी छातीचा फोटो काढला. फिल्म धुऊन उजेडात धरली तेव्हा उजव्या फुप्फुसात एक पांढरा, गोलसर डाग दिसला. लिंबापेक्षा मोठा. अगदी नेमका गोल.

आमच्या डॉक्टरांनी ती फिल्म बराच वेळ पाहिली.

“गाठ वाटते,” ते मला हळूच म्हणाले. “पण मी सांगणार नाही. आजच चंद्रपूरला पाठव. ते म्हणतील तसं करू. गाठच असली तर नागपूरला न्यावं लागेल.”

बाईला त्यांनी सांगितलं की फोटो मोठ्या डॉक्टरला दाखवायचा आहे, एक-दोन दिवस इथेच थांबा. अहेरीत तिची बहीण राहत होती, ती तिच्याकडे थांबली. नवरा गावी परत गेला.

त्याआधीच्या रविवारी दिवसभर वीज नव्हती. सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटर चालू केला तेव्हा कोपऱ्यातलं घड्याळ बारा वाजून काही मिनिटं दाखवत होतं. माझ्या मनगटावर साडेनऊ. मी घड्याळावर दोनदा क्लिक केलं, तास आणि मिनिटं बरोबर लावली आणि खूश झालो. एवढं आता आपल्याला जमतं, कोणाला विचारावं लागत नाही. तिथेच शेजारी महिना आणि वर्ष होतं. त्यावर माझी नजर गेली नाही, कारण मला फक्त वेळ लावायची होती.

दुपारी एक वाजून गेला, तरी यादीत शेड्यूल्डच दिसत होतं. सव्वा वाजला, तरी तेच. पुढच्या वेळेच्या रकान्यात एक वाजताची वेळ तर बरोबर लिहिलेली होती. मला वाटलं, काल वीज नसल्यामुळे काहीतरी अडलं असेल. काम हातानं सुरू करायचं बटणही मॅडमनी दाखवून ठेवलं होतं. मी ते दाबलं आणि डार्करूममध्ये गेलो, कारण दोन फिल्म तिथे तशाच राहिल्या होत्या. बाहेर आलो तर हिरवं कम्प्लिटेड आलेलं होतं. आज लाइन चांगली दिसते, मी मनाशी म्हटलं. शनिवारच्या फिल्मचं उत्तरही, उत्तर आणायचं काम हातानं चालवल्यावर, नीट आलं. मग शंका तरी कशी यावी?

मंगळवारी सकाळी ती आली आणि माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“भाऊ, माहा फोटो गेला का जी?”

“गेला बाई. कालच गेला.”

“मंग काई सांगतलं का त्यायनं?”

“अजून नाही. उद्या येईल.”

“बरं,” ती म्हणाली आणि बाहेर निंबाच्या झाडाखाली जाऊन बसली. श्वास खाली बसेपर्यंत बसली, मग बहिणीकडे परत गेली.

मंगळवारी घड्याळ पुन्हा चुकलेलं होतं. मी पुन्हा लावलं. एक वाजता काम पुन्हा आपणहून निघालं नाही. मी पुन्हा हातानं चालवलं आणि पुन्हा हिरवं कम्प्लिटेड आलं. बुधवारी तेच. बुधवारी तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, “मोठे डॉक्टर बाहेरगावी गेले असतील.” तसं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण डॉक्टर मला विचारायचे, फिल्म गेली ना? मी म्हणायचो, गेली. ते म्हणायचे, मग ते कामात असतील, फुकट काम करणाऱ्या माणसाला घाई कशी करायची? आणि ती म्हणायची, बरं. असे आम्ही तिघंही माझ्या त्या एका ‘गेला’वर बसून होतो.

गुरुवारी सकाळी तिच्याबरोबर नवरा आला होता. खांद्यावर तिची कपड्यांची पिशवी. तो तडक डॉक्टरांच्या खोलीत गेला, आणि मी फिल्म द्यायला तिथेच होतो.

“डाक्टरसाहेब, आमी हिले घरी घेऊन जातो. पाचची गाडी हाये.”

“अहो, उत्तर येऊ द्या. उत्तर आल्याशिवाय औषध कशाचं देऊ?”

“चार दिवस झाले. रोज म्हनता, फोटो गेला. गेला तं मंग पाह्यला असन. पाह्यला अन् सांगून नाई राह्यले, म्हंजे आमी काय समजाचं ते समजलो.” त्याचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. “तिच्या मनात हाये का आपल्या घरी रायावं. पोरीले बी बोलावून घेतलं. आता तुमी अडवू नोका.”

बायको त्याच्या मागे उभी होती, पदर तोंडावर धरून. 

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “चंद्रपूरला फोन लाव. काहीही असो, आज विचारून टाक.”

दवाखान्यात एकच टेलिफोन, माझ्याच खोलीत. मी नंबर फिरवला. मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर बोलला. मी म्हटलं, सोमवारच्या फिल्मचं काय झालं, छातीची, बाईची.

“कोणती फिल्म?” तो म्हणाला. “तुमच्याकडून तर शनिवारनंतर काहीच आलं नाही. साहेब कालच म्हणत होते, अहेरीची लाइन बंद दिसते.”

मी खुर्चीत बसलो. रिसीव्हर कानाला तसाच होता. चार दिवस मी त्या बाईला तोंडावर सांगत होतो, गेला, गेला. आणि तो या खोलीबाहेर पडलाच नव्हता.

मग मॅडमना फोन लावला. नशीब, त्या जागेवर होत्या.

“पडद्यावर काय दिसतं, ते मला वाचून दाखवा. सगळे रकाने, डावीकडून,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. कामाचं नाव. अवस्था, कम्प्लिटेड. पाठवलेल्या फायली, शून्य.

“थांबा. शून्य?”

“शून्य लिहिलंय.”

“काल? परवा? खाली आधीचे दिवस असतील.”

मी खाली बघितलं. कम्प्लिटेड, शून्य. कम्प्लिटेड, शून्य. कम्प्लिटेड, शून्य. त्याखाली शनिवारचं, कम्प्लिटेड, तीन.

“आता घड्याळावर माउस नेऊन ठेवा. तारीख उमटेल. कुठली आहे?”

“एक जानेवारी,” मी वाचलं, “दोन हजार.”

पलीकडून त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग त्यांनी मला जे समजावलं ते इतक्या वर्षांनंतरही जसंच्या तसं आठवतं. कॉम्प्युटरच्या आत एक छोटी बॅटरी असते, मशीन बंद असताना ती तारीख-वेळ सांभाळते. ती संपली होती. म्हणून रोज सकाळी मशीन दोन हजार सालच्या पहिल्या दिवशी जागं व्हायचं. मी वेळ लावायचो, वर्ष नाही. पुढची फेरी मार्च महिन्यातल्या दुपारी एकची ठरलेली, आणि मशीनच्या हिशेबानं तो मार्च यायला अजून पाच वर्षं बाकी होती. म्हणून ते शेड्यूल्ड राहायचं. मी तारखेकडे न बघता फक्त एक वाजताची वेळ वाचायचो.

“पण मी हातानं चालवलं ना?”

“चालवलंत. आणि ते चाललंही. पण ते सगळ्याच फायली उचलत नाही. शेवटची फाइल पाठवल्यानंतर जी नवी आली असेल तीच उचलतं, नाहीतर रोज सगळ्या जुन्या फिल्म पुन्हा जातील. तुमच्या या आठवड्याच्या फिल्मवर तारीख दोन हजार सालची बसली. त्याच्या दृष्टीनं त्या जुन्या. त्यानं फोल्डर बघितलं, नवं काही सापडलं नाही, काम संपलं. कम्प्लिटेड. ते खोटं बोललं नाही हो. त्याला सांगितलेलं त्यानं केलं.”

“मग मी काय बोलत होतो चार दिवस?”

त्या म्हणाल्या, “माझीच चूक आहे. मी तुम्हाला पुढचा रकाना दाखवायला हवा होता. आता तारीख लावा, वर्षासकट. त्या फिल्म पुन्हा स्कॅन करा, म्हणजे आजची तारीख बसेल. आणि मग फोन खाली ठेवा, लाइन मोकळी लागेल.”

“फेल्ड आलं तर?”

“आलं तर आलं. फेल्डला घाबरू नका. ते निदान सांगतं तरी. दहा मिनिटांनी ते स्वतःच पुन्हा बघेल.”

मी तारीख लावली. सोमवार ते गुरुवार मिळून नऊ फिल्म होत्या. तिची सगळ्यांत आधी स्कॅन केली आणि फोल्डरमध्ये तेवढी एकच ठेवली. मग उठून बाहेर आलो. नवरा-बायको व्हरांड्यात बसले होते. त्यांना काय सांगावं हे मी दारापर्यंत येताना ठरवत होतो. काहीतरी मशीन बिघडलं होतं म्हणता आलं असतं. पण तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला ते जमलं नाही.

“बाई,” मी म्हटलं, “तुमचा फोटो गेलाच नव्हता. मी चुकलो. मला वाटत होतं गेला. चंद्रपूरला तो पोचलाच नाही.”

नवरा उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा ओरडणार, आणि ओरडला तर बरोबरच आहे.

ती मात्र बसूनच होती. तिनं पदर तोंडावरून काढला.

“म्हंजे मोठ्या डाक्टरनं माहा फोटो पाह्यलाच नाई?”

“नाही.”

“पाहून चुप नाई बसले ते?”

“नाही बाई. त्यांना काही माहीतच नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा सैल पडला. डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसत होती.

“अवं बाप्पा! चार दिवस मले वाटे, त्यायले सांगाचं भेव लागून राह्यलं. मी म्हनो, आपलं काई खरं नाई. तुमी ‘गेला’ म्हना तवा जास्तच भेव लागे जी, भाऊ. गेला, अन् कोनी बोलून नाई राह्यले.” ती नवऱ्याकडे वळली. “आयकलं का? पाह्यलाच नाई त्यायनं!”

तो अजून उभाच होता. मग तोही खाली बसला आणि पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली.

मी इतकी वर्षं लोकांना बऱ्या-वाईट बातम्या मिळताना पाहिल्या होत्या, पण माझ्या चुकीनं कोणाला इतकं हलकं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती माझ्यासोबत खोलीत आली. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी तिला स्टूल दिलं आणि बटण दाबलं.

या वेळी मोडेमनं शिट्टी मारली. तो आवाज ऐकून मला समजलं की फोटो पाठवताना सोमवारपासून मी तो ऐकलाच नव्हता. यादीत रनिंग आलं. निळी पट्टी निघाली.

“हे काय होय?” तिनं विचारलं.

“तुमचा फोटो जातोय. पट्टी इथपर्यंत भरली की पोचला.”

“आता खरंच जाऊन राह्यला?”

“आता खरंच.”

पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि थांबली. लाइन तुटली. लाल अक्षरात फेल्ड. पाठोपाठ वेटिंग, दहा मिनिटं. मी तिला सांगितलं, तुटलं, पण पुन्हा जाईल. तिनं मान डोलवली. जाळं एका फेकीत भरत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती दहा मिनिटं आम्ही दोघांनी पडद्याकडे बघत काढली. मधे तिनं मला विचारलं, मुलं किती. मी सांगितलं, दोन. तिनं तिच्या मुलीचं सांगितलं, ती भामरागडकडे दिलेली होती आणि आता बापाच्या निरोपावरून माहेरी यायला निघालेली होती. “तिले उगाच तरास,” ती म्हणाली, पण मुलगी येणार याचा आनंद तिला लपवता येत नव्हता.

पुन्हा शिट्टी. पुन्हा पट्टी. या वेळी ती शेवटपर्यंत गेली. कम्प्लिटेड. मी पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. एक. तरीही मी फोन उचलला आणि चंद्रपूरला विचारलं.

“आली, आली,” कंपाउंडर म्हणाला. “साहेब उघडूनच बसलेत.”

उरलेल्या आठ फिल्म मी मग एकामागून एक पाठवायला लावल्या. त्यातल्या कोणाचंही उत्तर उशिरा आल्यानं काही बिघडणार नव्हतं, हे मला डॉक्टरांनी स्वतः एकेक नाव बघून सांगितलं. दोघांना औषध आधीच सुरू होतं आणि बाकीची दुखणी जुनी होती. 

साडेतीनच्या सुमाराला फोन वाजला. मोठे डॉक्टर स्वतः बोलत होते. आमच्या डॉक्टरांनी रिसीव्हर घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते आधी हं, हं म्हणत होते, मग म्हणाले, “पण इतकं गोल?” मग बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

“बाजूनं एक फोटो काढ तिचा,” फोन ठेवून ते मला म्हणाले. “गाठ नाही म्हणतात ते. फुप्फुसाच्या दोन भागांमधे फट असते, त्या फटीत पाणी साचलंय. समोरून बघितलं की ते गोल गोळ्यासारखं दिसतं. बाजूनं लांबट दिसेल.”

मी तिला यंत्रापुढे आडवं वळवून उभं केलं, हात वर धरायला लावले. मग डार्करूममध्ये फिल्म औषधात हलवत राहिलो. लाल दिव्याखाली हळूहळू चित्र उमटलं. गोळा नव्हता. होडीच्या आकाराचा एक लांबट, निमुळता डाग होता, फटीच्या रेषेत आडवा पडलेला. मी ओली फिल्म हँगरसकट घेऊन बाहेर धावलो. पाण्याचे थेंब व्हरांडाभर पडले.

डॉक्टरांनी त्या दोघांना समजावून सांगितलं. हा टीबीचा प्रकार आहे, त्यानंच पाणी झालंय. उद्या सुईनं थोडं पाणी काढून तपासू. गोळ्या सहा महिने न चुकता घ्यायच्या. बरं होतं.

“नागपूर?” नवऱ्यानं विचारलं.

“नागपूर नाही. कुठेच नाही. इथेच.”

त्यानं दोन्ही हात जोडले, मग कोणापुढे जोडले हे न समजल्यासारखा सगळ्यांकडे फिरवले. पाचची गाडी निघून गेली. ते दोघं बहिणीकडे गेले, आणि पिशवी या वेळी तिच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी काढलेलं पाणी पिवळसर, स्वच्छ निघालं. गोळ्या सुरू झाल्या. मुलगी आली, आईला बघून रडली आणि मग चार दिवस तिला अंथरुणावरून उठू दिलं नाही.

मी डॉक्टरांना माझी वही दाखवली आणि ‘गेलं’ कुठे लिहिलं होतं तेही दाखवलं. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी स्वतःचंच पेन काढून दिलं आणि म्हणाले, “खोड आणि नीट लिही.” मी लिहिलं, कम्प्लिटेड म्हणजे नेमून दिलेलं काम संपलं. किती गेलं ते पुढच्या रकान्यात. पोचलं का ते फोन करून. त्यांनी वाचलं आणि मान हलवली. तेव्हापासून ते मला फिल्म गेली का असं विचारत नसत. ते विचारायचे, किती पोचल्या?

नवी बॅटरी मॅडमनी एसटीनं पाठवली, बटणाएवढी. ती बसवेपर्यंत रोज सकाळी मी आधी वर्ष लावायचो, मग महिना, मग तारीख आणि सर्वांत शेवटी वेळ. सोबत मॅडमची चिठ्ठी होती. इतर दवाखान्यांतही त्यांच्याकडून हाच रकाना दाखवायचा राहिला होता, असं तिच्यात लिहिलं होतं. त्या सगळीकडे पुन्हा फोन करत होत्या.

गोळ्या संपल्यावर ती बाई शेवटचा फोटो काढायला आली. अंगावर मांस चढलं होतं. बाजाराचा दिवस होता आणि ती टोपली बाहेर बहिणीच्या स्वाधीन करून आली होती, त्यामुळे घाईत होती. फिल्म वाळायला लागेपर्यंत तिनं तीनदा बाहेर डोकावून पाहिलं.

मी नवी फिल्म आणि सोमवारची ती जुनी फिल्म शेजारी शेजारी उजेडावर लावल्या. नव्या फिल्मवर डागाच्या जागी केसाएवढी एक रेघ राहिली होती. डॉक्टर म्हणाले, ती राहीलच, तिचं काही नाही.

तिनं जुन्या फिल्मवरच्या गोल डागावर बोट ठेवलं. कधी बघितला नव्हता तिनं.

“हेच होय का ते?”

“हेच.”

ती वाकून बघत राहिली. मग सरळ झाली, पदर खोचला आणि म्हणाली, “इतकुसं! मले वाटे, पुरी छातीच भरली असन.”

मग बाहेरून बहिणीनं हाक मारली, गिऱ्हाईक आलं होतं, आणि ती धापा न टाकता पायऱ्या उतरून गेली.